सौद्याचा न्याय

न्यायाची चर्चा सहसा मोठ्या विषयांच्या आश्रयाने होते. जमीन, वेतन, वारसा, शिक्षा यांच्या संदर्भात न्यायाचा प्रश्न निघतो तेव्हा त्याभोवती गरज, सत्ता आणि इतिहास यांचे इतके पदर गुंडाळलेले असतात की मूळ प्रश्न वेगळा काढून न्याहाळणे अवघड होते. या दृष्टीने खेळ हे मोठे उपकारक क्षेत्र आहे. तेथे पणाला लागलेली गोष्ट लहान असते, नियम आधीच ठरलेले असतात आणि कोणालाही बळजबरीने आत ओढलेले नसते. तरीही 'हा अन्याय आहे' ही तक्रार तेथेही उठते, आणि तक्रार करणाऱ्याचा स्वर बांधाच्या भांडणात हरलेल्या शेतकऱ्याच्या स्वराहून फारसा निराळा नसतो. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या 'फॅन्टसी बेसबॉल' या खेळात खेळाडूंच्या अदलाबदलीवरून जे वाद होतात, ते याचे बोलके उदाहरण होय. बारा जणांच्या लीगमधील दोघे आपसांत एक सौदा करतात. दोघेही त्यावर संतुष्ट असतात. मात्र उरलेल्या दहांपैकी अनेक जण तो सौदा रद्द करावा म्हणून उठतात. ज्यांनी काही दिले नाही आणि काही घेतलेही नाही, त्यांच्यावर झालेला अन्याय नेमका कोणता, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या खेळाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी १९६० साली आपल्या सहकाऱ्यांसह 'बेसबॉल सेमिनार' नावाचा एक खेळ सुरू केला. प्रत्यक्ष सामन्यांतील खेळाडूंच्या आकडेवारीवर कल्पित संघांची स्पर्धा लावणे, ही त्यामागची कल्पना होती. तिला आजचे परिचित रूप दिले ते डॅनिएल ओक्रेंट या लेखक-संपादकाने आणि त्याच्या मित्रांनी, १९८० साली. न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून त्यांच्या लीगला 'रोटिसरी लीग' हे नाव मिळाले. प्रत्येकाने २६० डॉलरच्या मर्यादेत, खुल्या लिलावात २३ खरे खेळाडू 'विकत' घ्यायचे, आणि मोसमभर ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याची बेरीज आपल्या नावे मांडायची. कोणाच्या फलंदाजांनी किती होमरन मारले, किती बेस चोरले, कोणाच्या पिचरांनी किती सामने जिंकून दिले, अशा निरनिराळ्या रकान्यांत संघांचा क्रम लागतो आणि त्या क्रमांच्या गुणांवरून विजेता ठरतो. इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव पाहिलेल्या भारतीय वाचकाला ही कल्पना सहज उमगेल. फरक इतकाच की येथील मालक कल्पित आहेत आणि खेळाडूला आपण विकले गेल्याचा पत्ताही नसतो.

हा शेवटचा फरक नैतिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. खऱ्या बेसबॉलमधील अदलाबदलीत एक तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे स्वतः खेळाडू. सेंट लुईस कार्डिनल्स संघात बारा मोसम घालवलेल्या कर्ट फ्लडला ऑक्टोबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. आपण हवी तेव्हा विकावी अशी मालमत्ता नाही, असे त्याने त्या डिसेंबरात बेसबॉलच्या कमिशनरला पत्राने कळवले आणि पुढे न्यायालयाची पायरी चढली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निर्णय दिला. परंतु त्याने विचारलेला प्रश्न त्या निर्णयाने संपला नाही. कल्पित लीगमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे कोणाचे बिऱ्हाड हलत नाही, कोणाच्या मुलांची शाळा सुटत नाही. माणूस बाजूला होतो आणि त्याचे आकडे उरतात. त्यामुळे सौदा करणारे दोघे आणि तो पाहणारे इतर, एवढ्यांपुरताच न्यायाचा प्रश्न जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा स्वच्छ स्वरूपात समोर येतो.

सौदा न्याय्य आहे की नाही हे ठरवताना पहिली कसोटी मनात येते ती समतेची. दिले तेवढे मिळाले पाहिजे. विनिमयाच्या न्यायाची चर्चा करताना अॅरिस्टॉटलने घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांचे उदाहरण घेतले आहे. घर आणि जोडा या दोन विजातीय वस्तूंना एका मापात आणणारी गोष्ट कोणती, असे विचारून त्याने दिलेले उत्तर 'गरज' हे आहे. हे उत्तर समतेच्या कसोटीला बळकटी देणारे वाटले, तरी प्रत्यक्षात तिचा पाया ढिला करणारे आहे. कारण गरज वस्तूत नसते. ती घेणाऱ्याच्या परिस्थितीत असते. ज्याच्या संघात होमरन मारणारे पाच जण आहेत आणि बेस चोरणारा एकही नाही, त्याला सहावा तडाखेबाज फलंदाज जवळजवळ निरुपयोगी असतो. एखादा वेगवान पण अन्यथा सामान्य खेळाडू त्याला पाच क्रमांक वर नेऊ शकतो. दोघांच्या लेखी दोन्ही वस्तूंचे मोल तंतोतंत सारखे असते, तर सौदा करण्याचे कारणच उरले नसते. विषमता ही विनिमयाची जननी आहे. बाहेरून तराजू घेऊन आलेल्या माणसाला एक पारडे खाली गेलेले दिसते, पण आत उभ्या असलेल्या दोघांच्या हाती दोन वेगवेगळे तराजू असतात.

शिवाय येथे तोलली जाणारी वस्तू आज अस्तित्वातच नसते. खेळाडूने उद्या काय करावे याची ती अपेक्षा असते. १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्ज संघाने लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईसला दिला आणि मुख्यतः एर्नी ब्रोलिओ हा पिचर घेतला. ब्रोलिओने आदल्या मोसमात १८ सामने जिंकून दिले होते, तर ब्रॉकची फलंदाजी तोवर बेताचीच होती. शिकागोने चांगला हात मारला, असे त्या वेळी अनेक जाणकारांना वाटले. पुढे ब्रॉकने उरलेल्या मोसमात .३४८ च्या सरासरीने फलंदाजी केली, सेंट लुईसने त्याच वर्षी जागतिक मालिका जिंकली आणि कारकीर्दीअखेर त्याच्या नावावर ९३८ चोरलेले बेस जमा झाले. ब्रोलिओने शिकागोसाठी एकूण सात सामने जिंकले. आज हा सौदा फसलेल्या व्यवहाराचा नमुना म्हणून सांगितला जातो. परंतु तो अन्याय्य होता काय? फळ वाईट निघाले म्हणून पेरणी अप्रामाणिक ठरत नाही. परिणामावरून न्याय ठरवायचा, तर प्रत्येक सौद्याचा निकाल मोसम संपेपर्यंत लांबवावा लागेल, आणि तेव्हा तो न्यायनिवाडा न राहता इतिहासलेखन होईल.

कधीकधी तर इतिहासही निकाल देऊ शकत नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने जॉन स्मोल्ट्झ हा कनिष्ठ श्रेणीत खेळणारा वीस वर्षांचा मुलगा अटलांटाला देऊन डॉयल अलेक्झांडर हा वयस्क पिचर मिळवला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद पटकावले. स्मोल्ट्झने अटलांटासाठी दोन दशके गाजवली आणि २०१५ मध्ये त्याला बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. एकाला आज हवा होता, दुसऱ्याला उद्या. दोघांनाही हवे ते मिळाले. बेरीज-वजाबाकी करणारा या सौद्याला एकतर्फी म्हणेल, पण आज आणि उद्या यांची वजाबाकी करण्याचे सर्वमान्य माप कोणाजवळ आहे?

समतेची कसोटी अशी निसटल्यावर दुसरी पुढे येते, ती संमतीची. दोघे सज्ञान आहेत, दोघांनी होकार दिला आहे, मग तिसऱ्याने बोलण्याचे कारण काय? होमरच्या 'इलियड'मध्ये ग्लॉकस आणि डायोमिडीझ हे परस्परविरोधी पक्षांतील योद्धे भर रणांगणात एकमेकांना भेटतात, आपल्या घराण्यांचे जुने आतिथ्य ओळखतात आणि चिलखते बदलतात. ग्लॉकसचे चिलखत सोन्याचे, शंभर बैलांच्या मोलाचे. त्याला मिळते ते कांस्याचे, नऊ बैलांच्या मोलाचे. अॅरिस्टॉटलने नेमके हेच उदाहरण घेऊन म्हटले आहे की ग्लॉकसवर अन्याय झाला नाही. कारण देणे त्याच्या हाती होते, आणि जो आपले स्वतःचे स्वेच्छेने देतो त्याच्यावर अन्याय होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या २५व्या कलमातही हाच विचार अधिक सावधपणे आलेला आढळतो. एक हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचा करारही, संमती मोकळेपणाने दिलेली असल्यास, केवळ मोबदला अपुरा म्हणून रद्द ठरत नाही. मात्र संमती मोकळी नव्हती असे विकणारा म्हणू लागला, तर मोबदल्याचा हा अपुरेपणा न्यायालयाने विचारात घ्यावा, असे त्याच कलमात स्पष्ट केले आहे. कायद्याने विषमतेला गुन्हा मानलेले नाही; तिला पुराव्याचे स्थान दिले आहे. ही भूमिका विवेकाची आहे.

तरीही लीगमधील वादाला संमतीची कसोटी पुरी पडत नाही. बाजारात घोडा विकणारा आणि घेणारा यांच्यापलीकडे कोणाचे काही बिघडत नाही. लीगमध्ये मात्र गुणतक्ता एकच असतो. एक वर चढला की दुसरा खाली उतरतोच. म्हणून तेथे तिसऱ्याचे नुकसान प्रत्येक सौद्यात होते, अगदी चोख सौद्यातही. दोघांनी आपापली उणीव भरून काढली की ते दोघेही बलवान होतात आणि उरलेले दहा त्या मानाने दुबळे होतात. सौद्याविरुद्ध ओरडणाऱ्यांपैकी पुष्कळांची खरी तक्रार हीच असते, आणि ती न्यायाची तक्रार नाही. प्रतिस्पर्धी शहाणपणाने वागला, एवढाच तिचा अर्थ आहे. नुकसान झाले म्हणून अन्याय झाला असे मानले, तर खेळणे हाच अन्याय ठरेल.

निवाडा करणाऱ्यांचा प्रश्न येथे निघतो. काही लीगमध्ये सौदा मंजूर करण्याचा अधिकार कमिशनर म्हणून निवडलेल्या एकाला असतो, तर काहींत सर्वांच्या मतांनी तो रोखता येतो. पहिल्या व्यवस्थेत कमिशनर बहुधा स्वतःही एक संघ चालवत असतो. दुसऱ्या व्यवस्थेत मत देणारे सगळेच प्रतिस्पर्धी असतात. स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायशास्त्राचे आद्य सूत्र दोन्हीकडे मोडलेले असते. खऱ्या बेसबॉलमध्येही नकाराधिकाराचा हा प्रश्न एकदा तीव्रतेने उपस्थित झाला होता. जून १९७६ मध्ये ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी व्हायडा ब्लू याला १५ लाख डॉलरना न्यूयॉर्क यांकीजकडे, आणि जो रूडी व रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरना बोस्टन रेड सॉक्सकडे विकले. कमिशनर बोवी कून यांनी बेसबॉलच्या हिताच्या नावाने तीन दिवसांतच हे व्यवहार रद्द केले. फिन्ली न्यायालयात गेले आणि हरले. १९७८ च्या अपील निर्णयाचा आशय असा, की कमिशनरला हा अधिकार आहे. त्याने तो योग्य रीतीने वापरला की अयोग्य, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे. अधिकार असणे आणि तो वापरण्यास पुरेसे कारण असणे यांतील अंतर या निकालाने मिटवले नाही. ते ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्या विवेकावर सोपवले.

मग त्या विवेकाने काय तपासावे? बारा जण मोसमाच्या आरंभी एकत्र बसतात तेव्हा प्रत्येक जण उरलेल्या अकरांना न बोलता एक वचन देतो. आपण आपल्या संघासाठी, जिंकण्याच्या इच्छेने खेळू, हे ते वचन. ते पाळले जाते म्हणूनच इतरांच्या विजयाला अर्थ असतो. योहान हुइझिंगा यांनी १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात लबाड खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड माणूस निदान खेळात असल्याचे सोंग तरी वठवतो. खेळ मोडणारा खेळाचे जगच नाकारतो. दुसऱ्याच्या विजयासाठी आपला संघ रिकामा करणारा माणूस या दोहोंच्या मधला आहे. तो नियम पाळतो, सोंगही वठवतो, पण त्या वर्तुळातून केव्हाच उठून गेलेला असतो. दहा जणांवर खरा अन्याय होतो तो येथे. सौद्यात कोणाला किती मिळाले यापेक्षा, दोघांपैकी प्रत्येक जण स्वतःसाठी सौदा करत होता काय, हे निवाडा करणाऱ्याने तपासावे. भयंकर विषमता दिसली तर तिने शंका घ्यावी आणि कारण विचारावे, एवढेच तिचे काम. विचारलेल्याला आपल्या संघाच्या हिताचे एखादे प्रामाणिक कारण सांगता आले, मग ते कितीही चुकीचे ठरो, तर सौदा उभा राहिला पाहिजे.

ही कसोटी किती सूक्ष्म आहे हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. ऑगस्टमध्ये तळाला असलेला संघ आपला सर्वोत्तम पिचर अव्वल संघाला देतो आणि बदल्यात एक अनुभवहीन तरुण घेतो. लीगच्या नियमांनुसार काही खेळाडू पुढील वर्षासाठी राखता येत असतील, तर हा सौदा निर्दोष आहे. डेट्रॉइट आणि अटलांटाचीच ती लहान आवृत्ती होय. पण मोसमाबरोबर सगळेच संघ विसर्जित होत असतील, तर त्या तरुणाला उद्या नाही, आणि त्याला घेण्यात घेणाऱ्याचे कोणतेही हित नाही. कागदावर दोन्ही सौदे अक्षरशः एकच आहेत. एक न्याय्य आहे, दुसरा नाही.

यातून पराभूताच्या कर्तव्याचा विचार पुढे येतो. ज्याला आता काही जिंकायचे उरलेले नाही, त्याने कशासाठी झटायचे? त्याने सौद्यातून लाच घेतलेली नसते. बहुधा तो कंटाळलेला असतो, किंवा आपल्या मित्राचे भले व्हावे एवढीच त्याची इच्छा असते. औदार्य हा जीवनात सद्गुण आहे. मग तो येथे दोष कसा ठरतो? ग्लॉकसने दिलेले चिलखत त्याचे स्वतःचे होते. कल्पित संघाचा मालक जे देतो त्यावर मात्र त्याने दिलेल्या वचनाचा, म्हणजे इतरांचा, बोजा असतो. त्याचे औदार्य हे हलवायाच्या घरावर ठेवलेले तुळशीपत्र असते. खर्च त्याचा होत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर प्रामाणिकपणे झगडणाऱ्यांचा होतो. हरलेल्याने शेवटपर्यंत खेळत राहणे हे इतरांचे देणे आहे, आणि त्याची परीक्षा आशा संपल्यानंतरच होते.

अज्ञानाची अडचण याहून कठीण आहे. जुन्या खेळाडूने नवख्याला गाठून त्याच्याकडून मोलाचा खेळाडू स्वस्तात काढून घेतला, तर? नवखा स्वतःसाठीच खेळत होता, म्हणजे आधीची कसोटी तो उत्तीर्ण झाला. त्याच्या काळजीपोटी सौदा रद्द करणारे त्याच्यावर उपकार करत आहेत असे वाटते. पण चूक करण्याचा अधिकार ज्याला नाही, तो खेळातील समान सहभागी राहत नाही, पाल्य होतो. आकडे सर्वांना खुले आहेत. त्यांचा अर्थ लावण्यात कोणी कच्चा असेल तर त्याला शिकण्याची किंमत मोजू द्यावी. मात्र अंदाज आणि घटना यांत भेद केला पाहिजे. सिसेरोने 'कर्तव्ये' या विषयावरील आपल्या ग्रंथात ऱ्होड्स बेटावरील दुष्काळाचा प्रसंग मांडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी गलबते येत आहेत. त्याने हे गिऱ्हाइकांना सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे, असे डायोजिनिस म्हणतो. सांगणे हेच कर्तव्य, असे अँटिपेटर म्हणतो. आणि सिसेरो त्याच्या बाजूने उभा राहतो. पिचरचे कोपर दुखावल्याची बातमी नुकतीच येऊन थडकली आहे आणि समोरचा झोपेत आहे, हे जाणून घाईने सौदा पुढे सरकवणारा हा त्या व्यापाऱ्याचाच वंशज होय. त्याने समोरच्याच्या निर्णयशक्तीवर मात केलेली नाही. तिला खेळूच दिलेले नाही. असा सौदा त्या समोरच्याच्या तक्रारीवरून मोडता आला पाहिजे.

मनुस्मृतीतील व्यवहारपदांत 'क्रयविक्रयानुशय' हे एक पद आहे. खरेदी-विक्रीनंतर पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरवण्याची मुभा तेथे दिली आहे. अनेक लीगमध्येही सौदा लागू होण्यापूर्वी काही काळ थांबण्याची रीत आहे. परंतु दोहोंतील भेद लक्षणीय आहे. स्मृतिकाराने तो अवधी व्यवहार करणाऱ्याच्या पश्चात्तापासाठी राखला. लीगमधील अवधी पाहणाऱ्यांच्या आक्षेपासाठी राखलेला असतो. पश्चात्ताप ज्याचा त्याला होतो आणि त्याची किंमतही तोच मोजतो. आक्षेपाला मात्र काहीच मोजावे लागत नाही, म्हणून तो स्वस्त असतो, आणि स्वस्त असल्यामुळेच त्यावर अधिक कडक पहारा हवा.

तेव्हा सौद्याचा निवाडा करणाऱ्याची अंतिम परीक्षा सौदा करणाऱ्यांच्या परीक्षेहून वेगळी नाही. त्यांनी स्वतःच्या हितासाठी प्रामाणिकपणे खेळावे अशी अपेक्षा आहे. याने स्वतःचे हित बाजूला ठेवून पाहावे अशी. ज्या सौद्याने आपला पहिला क्रमांक जाणार हे दिसते आहे, पण ज्यात लबाडी दिसत नाही, त्या सौद्याला जो मंजुरी देतो, त्याच्या आधारावर लीग उभी असते. तेथे जिंकणारे दरवर्षी बदलतात. असा एखादा माणूस नसला तर मात्र पुढच्या वर्षी बारा जण पुन्हा एकत्र बसत नाहीत.